ढाणकीकडील काळ्या रानांत फुलझाडें : दसऱ्याच्या झेंडूचा हिशेब

पैनगंगेच्या उत्तरेस, उमरखेड तालुक्यांत ढाणकीच्या आसपास जें काळें रान पसरलें आहे, तें कपाशीचें रान म्हणून सर्वांस परिचित आहे. जेथें विहिरीचें किंवा कालव्याचें पाणी आहे, तेथें ऊस व हळद हीं पिकेंही होतात. या रानांत फुलझाडें लावावीं असें कोणी सुचविल्यास, ‘तें बागवानाचें काम, आपलें नव्हे’ असें उत्तर पुष्कळदां मिळतें. वस्तुतः कपाशी हेंही एक फुलझाडच होय. अमेरिकन कपाशीचें फूल उमलतें त्या दिवशीं पिवळसर पांढरें असतें, दुसऱ्या दिवशीं गुलाबी होऊन कोमेजतें आणि त्याच्या तळाशीं बोंड धरतें. कपाशींत आपण फुलाच्या पुढची अवस्था विकतों. फुलशेतींत फूलच विकावयाचें असतें.

परंतु या एवढ्याशा भेदांत मोठी जोखीम आहे. कापूस घरांत ठेवून भावाची वाट पाहतां येते. तोडलेला झेंडू दोन-तीन दिवसांपलीकडे थांबत नाहीं. दसऱ्याच्या संध्याकाळीं न खपलेल्या फुलांचे ढीग बाजाराच्या कडेला टाकून शेतकरी परतले, असें महाराष्ट्रांत अनेक वर्षीं घडलें आहे. म्हणून फुलशेती करावी कीं नाहीं, यापेक्षां ती किती करावी आणि लागवडीचा दिवस कोणता धरावा, हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

अभिवृद्धीचे प्रकार

फुलझाडांची अभिवृद्धि कशी करावी, हें आपल्या शेतकऱ्यांस नव्यानें शिकविण्याचें कारण नाहीं. कपाशी बियांपासून होते, हळद बेण्यापासून होते व ऊस कांडीपासून होतो. फुलझाडांतही हेच तीन मार्ग आहेत. झेंडू बियांपासून करतात. निशिगंध हळदीप्रमाणें कंदापासून होतो. मोगऱ्याची फांदी वाकवून मातीत दाबली असतां तिला मुळें फुटतात. शेवंतीच्या बुडाशीं जमिनींतून निघणारे धुमारे वेगळे करून लावतात. गुलाबाचा डोळा रानगुलाबाच्या खुंटावर भरतात.

या मार्गांतील भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कांडी, कंद किंवा कलम यांपासून झालेलें झाड मूळ झाडासारखेंच निपजतें. बियांपासून झालेल्या झाडांत दोन पालकांचे गुण एकत्र येतात. झेंडूचें ज्यास आपण एक फूल म्हणतों, तो अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. त्यांतील प्रत्येक पाकळी हें स्वतंत्र फूल असून तिच्या तळाशीं काळी, काडीसारखी बी धरते. माशा व फुलपाखरें एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात. त्यामुळें शेजारीं पिवळा व नारिंगी असे दोन झेंडू असल्यास घरच्या बियाण्यांत भेसळ होते. संकरित जातीचें बी धरून तर दुसऱ्या वर्षीं एकसारखें पीक मिळतच नाहीं. घरचें बी ठेवावयाचें असल्यास साधी, सरळ जात घ्यावी. नुसतें मोठें फूल पाहून बी धरूं नये. निरोगी, भरपूर फांद्यांचें व एकसारखीं फुलें देणारें झाड पाहून तें धरावें, आणि सावलींत वाळवावें.

झेंडूचें झाड कलमानेंही करतां येतें. शेंडा खुडतांना निघालेलीं तीन-चार इंचांचीं कोवळीं टोकें ओल्या वाळूंत, सावलींत लावल्यास त्यांस थोड्याच दिवसांत मुळें फुटतात. लागवडींत पडलेल्या खाड्या भरण्यास हीं रोपें बिनखर्ची मिळतात.

झाडाचें घड्याळ व आपलें पंचांग

झाडास फूल केव्हां यावें, हें केवळ त्याच्या वयावर अवलंबून नसतें. दिवसाच्या व रात्रीच्या लांबीचाही त्यावर परिणाम होतो. अमेरिकेंतील गार्नर व अलार्ड या शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांनीं ही गोष्ट सिद्ध केली. आपल्याकडे जूनच्या अखेरीस दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा असतो, तर डिसेंबरांत तो अकरा तासांवर येतो. शेवंती ही लहान दिवसांतच फुलणारी आहे. झेंडू तितका हट्टी नाहीं. तथापि दिवस लहान होऊं लागले म्हणजे तो लवकर फुलतो. फार लवकर लावलेला झेंडू पाल्यानें माजतो व फुलास विलंब लावतो.

झाड सूर्याच्या घड्याळानें चालतें, सण मात्र चंद्राच्या तिथीनें येतो. २०२३ सालीं अधिक श्रावण आल्यामुळें दसरा २४ ऑक्टोबरला होता. २०२४ सालीं तो १२ ऑक्टोबरला आणि २०२५ सालीं २ ऑक्टोबरलाच आला. २०२६ सालीं ज्येष्ठ अधिक असल्यानें दसऱ्याची तारीख पुन्हां २० ऑक्टोबर आहे. म्हणजे तीन वर्षांत तारीख बावीस दिवसांनीं हलली. ‘गेल्या वर्षीं अमुक तारखेस लावला होता’ हा हिशेब येथें निरुपयोगी ठरतो. दसऱ्याच्या दिवसापासून उलट मोजणें हीच खरी रीत.

रोप वाफ्यांत सुमारें चार आठवडे असतें. पुनर्लागणीनंतर साधारण साठ दिवसांनीं फुलें दिसूं लागतात व पुढें आठवड्याभरांत बहर भरतो. यास्तव दसऱ्यापूर्वीं सुमारें पंचाण्णव दिवस आधीं बी टाकावें व पासष्ट ते सत्तर दिवस आधीं रोपें लावावीं. २० ऑक्टोबरच्या दसऱ्यासाठीं जुलैच्या मध्यास बी व ऑगस्टच्या मध्यास लागण, असा हा मेळ बसतो. जात व हवा यांप्रमाणें चार-आठ दिवसांचा फरक पडणारच. लक्ष्मीपूजन दसऱ्यापासून वीस तिथींनीं येतें. म्हणून दुसरा टप्पा पंधरा दिवसांनीं लावल्यास दिवाळीस ताजा बहर मिळतो, व एक बाजार बिघडला तरी दुसरा हातीं राहतो.

जमीन व मशागत

काळी जमीन सुपीक आहे, परंतु पावसांत ती फुगते व मुळांस हवा मिळत नाहीं. साचलेल्या पाण्यानें झेंडूचें मूळ कुजतें आणि हिरवें झाड उभ्याउभ्या माना टाकतें. याकरितां रोपें गादीवाफ्यावर करावीं, लागण वरंब्यावर करावी व पाण्यास चर काढून वाट द्यावी. शेणखत चांगलें कुजलेलें असावें. नत्राचा हात मात्र आखडता ठेवावा. जास्त नत्रानें पाला वाढतो व फूल मागें पडतें.

दोन फूट व दीड फूट अंतर ठेवल्यास दर झाडास तीन चौरस फूट जागा मिळते. दहा गुंठ्यांत, म्हणजे १०,८९० चौरस फुटांत, ३,६३० झाडें बसतात. मर धरून साडेचार हजार रोपें करावीं. लागणीनंतर महिन्याभरानें शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून फुलांची संख्या वाढते. खुडण्यानें बहर कांहीं दिवस लांबतो, तेव्हां उशीर झालेल्या लागणींत तें टाळावें. पावसानें उघडीप दिल्यावर ऊन तापूं लागलें, कीं पानांच्या मागील बाजूस लाल कोळी आहे कीं काय, हें पाहत जावें.

तोडणी व विक्री

तोडणीच्या आदल्या दिवशीं पाणी द्यावें आणि पूर्ण उमललेलीं फुलें पहाटे, ऊन चढण्यापूर्वीं तोडावीं. ओलीं फुलें ढिगांत ठेवूं नयेत. तीं तापून काळीं पडतात. गाडीची सोय, पुसद, नांदेड अशा बाजारांतील व्यापाऱ्याशीं बोलणें व तोडणीस माणसें, या तिन्हीं गोष्टी फुलें उमलण्याच्या आधींच ठरलेल्या असाव्या.

नवख्या शेतकऱ्यानें प्रथम एकराच्या भरीस पडूं नये. कपाशीच्या कडेनें झेंडूची एक ओळ घेणें ही सर्वांत सुरक्षित सुरुवात होय. हिरव्या बोंडअळीचे पतंग झेंडूकडे ओढले जाऊन त्यावर अंडीं घालतात. तेथील अळ्या वेंचून मारल्यास मुख्य पिकास आधार होतो. झेंडूच्या मुळांतील द्रव्यानें जमिनींतील सूत्रकृमींचा उपद्रवही कमी होतो, म्हणून हळदीच्या किंवा भाजीच्या रानांत फेरपालटीस हें पीक उपयोगी आहे. अशा लागवडींत बाजार पडला तरी सर्वच श्रम वायां जात नाहींत. एक वर्ष अशी ओळ लावून बी टाकल्याची, लागणीची व पहिल्या फुलाची तारीख वहींत लिहून ठेवावी. आपल्या रानांत झेंडूस नेमके किती दिवस लागतात हें त्या वहीवरून कळलें, म्हणजे पुढील वर्षीं दहा गुंठ्यांचें धाडस करण्यास हरकत नाहीं.