तापल्या तारेचे तीन कटर

अंधेरीत गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल कोरायचा, तर तापलेली तार हाताशी हवीच असायची. 2018 मध्ये महाराष्ट्राने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. छांदिष्टांच्या फोमकामात मात्र ही तार अजून टिकून आहे.

तार बहुधा नायक्रोमची: सुमारे 80 टक्के निकेल, 20 टक्के क्रोमियम. वीज वाहताच ती तापते. थर्माकोलमधलं पॉलिस्टायरीन 100 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे भुगा न होता काप जातो.

पेनकटर नक्षीला बरा, पण लांब रेषेत हात हलतो. धनुष्याच्या आकाराचा कटर मोठा ठोकळा छाटतो. टेबलकटरवर तार स्थिर, फोम सरकवायचा. सरळ कापाला तोच सरस. तापली की तार लांबून सैल पडते, म्हणून स्प्रिंगचा ताण हवा.

धूर दिसला तर उष्णता कमी करावी, खिडकी उघडी ठेवावी. पीव्हीसी फोम मुळीच कापू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.