पेरलेलं, न पेरलेलं

पहिला पाऊस पडून गेला की बोईसरच्या बाजारात शेवळं येतात. सरावलीकडच्या चाळींतल्या बायका घासाघीस करून जुडी घेतात आणि वर काकडं मागतात. ती आंबट फळं भाजीत नसली तर शेवळं घशाला खाजतात. कारखान्यांच्या या पट्ट्यात ही भाजी कुणी पेरलेली नसते. माणसानं रान सोडलं, नांगर धरला आणि शेती सुरू झाली, ही पाठ्यपुस्तकी गोष्ट मला म्हणूनच पटत नाही.

कोकणातल्या तळ्यांच्या काठी आपोआप उगवणारा देवभात पाहा. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, तेव्हा त्याला मान. हा रानभात पिकला की दाणे गळून चिखलात पडतात. कापणाऱ्याच्या हाती लागतात ती मुख्यतः न गळलेली कणसं. त्यांचंच बी पुन्हा पेरत गेलं की हळूहळू दाणा कणसाला घट्ट धरून राहतो. शेतीचा खरा आरंभ या चिकटून राहण्यात आहे. ते कुणी ठरवून केलं नव्हतं.

हे जगात अनेक ठिकाणी वेगवेगळं घडलं. गहू आणि जव सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात लागवडीखाली आले, भात चीनच्या यांगत्से खोऱ्यात. वारल्यांची नागली मूळची पूर्व आफ्रिकेची. वरई आणि कुळीथ मात्र इथलेच. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत ही सगळी पाहुणी-यजमान मंडळी एकत्र नांदतात.

भातासाठी अजून काही ठिकाणी राब भाजतात. रोपाच्या तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि उन्हाळ्यात पेटवायचं. तणाचं बी जळतं, राख मुरते, जमीन भुसभुशीत होते. पाऊस आला की पेरणी, मग आवणी. टहाळासाठी झाडं छाटण्यावर इंग्रजी वनखात्यानं बंधनं घातली. जंगलावरून ठाणे-कुलाब्यात असंतोष एवढा वाढला की 1885 मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला.

महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांचं घर पाहायचं तर घाट चढून घोड नदीकाठच्या इनामगावला जायला हवं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. शंभराहून अधिक घरं उजेडात आली. इ.स.पू. 1600च्या सुमारास वसलेलं हे गाव मुख्यतः जव पिकवायचं. पुराचं पाणी वळवायला बांध आणि चारी होती. पाच खोल्यांच्या एका घराशेजारी धान्याचं कोठार सापडलं. कोठार ज्याच्या अंगणात, गावात शब्द त्याचा, हे तेव्हापासूनचंच दिसतं.

इ.स.पू. 1000 नंतर चित्र पालटलं. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार वाढली. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. अभ्यासक याला ऱ्हास म्हणतात. मला तो शब्द जड वाटतो. हरणाचा माग काढता येणारी ही माणसं त्याच जागी आणखी सुमारे तीनशे वर्षं तग धरून होती.