चरातली धूळ आणि निविदेतले मौन

कुंभकोणमचे नाव देशाच्या स्मरणात राहिले ते 16 जुलै 2004 च्या आगीमुळे. शाळेच्या शाकारलेल्या छपराने पेट घेतला आणि 94 मुले दगावली. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये अविनाश मेहरोत्रा खटल्यात देशभरातील शाळांना अग्निसुरक्षेचे निकष पाळण्याचा आदेश दिला, तो याच दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर. मृत्यू डोळ्यांदेखत झाले होते, म्हणून व्यवस्था हलली.

अ‍ॅस्बेस्टॉसचा बळी असा दिसत नाही. तंतू फुप्फुसात गेल्यापासून कर्करोग प्रकट होईपर्यंत वीस-तीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लोटतो. कुंभकोणम 2021 मध्ये महानगरपालिका झाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘अमृत 2.0’ योजनेने लहानमोठ्या सर्वच शहरांच्या पाणीपुरवठ्याला हात घातला. लोखंड महाग म्हणून एकेकाळी ज्या शहरांनी अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पाइप पुरले, तेथे आता ते उकरले जात आहेत.

नागरिकांची भीती बहुधा नळाच्या पाण्याविषयी असते. पोटात गेलेल्या तंतूंमुळे अपाय होतो, असा सुसंगत पुरावा नसल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खरा धोका चरात उतरलेल्या मजुराला आहे. गळका पाइप ग्राइंडरने कोरडाच कापला की उडणारी धूळ तो श्वासावाटे घेतो, आणि तोंडावर बांधलेला रुमाल ती अडवू शकत नाही. उपाय अवघड नाहीत. शक्य तेथे जुनी वाहिनी न छेडता शेजारून नवी टाकावी. काढावीच लागली, तर पाइप भिजवून सांध्यापासून अखंड सुटा करावा. कापणे अटळ असल्यास हातकरवत किंवा साखळी-कटर वापरावा. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बंद करावेत. धुळीचे कपडे तर घरी जाताच कामा नयेत, कारण ते झटकणारी पत्नीही तीच धूळ घेते.

कायदा मात्र कारखान्याच्या फाटकाशी थबकतो. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर 15 वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोवर जपाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये बजावले. आज या गावात, उद्या त्या गावात राबणाऱ्या कंत्राटी मजुराची नोंद कोण जपणार? काम मीटरवर मोजून बिल निघत असेल, तर पाइप भिजवत बसण्यात ठेकेदाराला स्वारस्य नसते. म्हणून मुखपट्टी, पाणी, सीलबंद वाहतूक आणि वैद्यकीय तपासणी यांचे दर निविदेतच स्वतंत्र बाब म्हणून धरले पाहिजेत, आणि ती कामे झाल्याची अभियंत्याने चरावर जाऊन खात्री केल्याखेरीज बिल मंजूर होता कामा नये.