कॅलासचे अकरा दिवस

मारिया कॅलासचा आवाज सुंदर नव्हता, हे तिचे भक्तही मान्य करतात. तारसप्तकात तो थरथरे, मधल्या पट्टीत कोंडल्यासारखा वाटे. मी तिची रेकॉर्ड लावली की आमच्या घरात आधी दारं लोटून घेतात. तरीही विसाव्या शतकातली ऑपेरातली सोप्रानो म्हटलं की पहिलं नाव तिचंच निघतं. असं का, याचं उत्तर माझ्या मते जानेवारी १९४९ च्या व्हेनिसमध्ये आहे. म्हणून बाकीचं चरित्र भराभर उरकतो.

जन्म २ डिसेंबर १९२३, न्यूयॉर्क; आईवडील ग्रीक. १९३७ मध्ये आईबरोबर अथेन्सला, तिथे एल्व्हिरा दे इदाल्गो या स्पॅनिश गायिकेकडे तालीम. १९४७ मध्ये वेरोनाच्या खुल्या प्रेक्षागारात इटलीतलं पदार्पण. मग इटालियन उद्योगपती मेनेगिनीशी लग्न, पुढे ग्रीक जहाजमालक ओनॅसिसचं प्रकरण, १९६५ मध्ये लंडनला शेवटची 'तोस्का', आणि १६ सप्टेंबर १९७७ ला पॅरिसमध्ये, ५३ व्या वर्षी मृत्यू. ओनॅसिसवर ढीगभर पुस्तकं आहेत. हौस असेल त्यांनी वाचावीत.

तर व्हेनिस. ८ जानेवारीला ला फेनिचे थिएटरात तिने वाग्नरच्या 'वाल्कूरे' या ऑपेरातली ब्रुनहिल्ड गायली. पितळी वाद्यांनी गच्च भरलेल्या वाद्यवृंदावर मात करणारा दमदार आवाज लागतो, अशी ही भूमिका. त्याच थिएटरात पाठोपाठ बेल्लिनीचं 'पुरितानी' लागलं होतं आणि त्यात नायिका एल्विराचं काम करणारी मार्गेरिता कारोसिओ आजारी पडली. हे काम हलक्या, चपळ गळ्याचं, तानांवर ताना. ब्रुनहिल्ड गाणारीने एल्विराही गावी, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण कंडक्टर तुल्लिओ सेराफिन यांच्या पत्नीने कॅलासला 'पुरितानी'तली आरिया सहज गाताना ऐकलं होतं. बाईंनी ते नवऱ्याच्या कानावर घातलं आणि सेराफिननी या २५ वर्षांच्या मुलीलाच उभं करायचं ठरवलं. वाग्नरचे प्रयोग चालू ठेवून तिने आठवड्याभरात अख्खी भूमिका बसवली आणि १९ तारखेला ती एल्विरा म्हणून गायली.

पाठांतराची तिला सवयच होती, कारण तिची नजर फार अधू होती. रंगमंचावर चष्मा नसे, कंडक्टरची काठीही धड दिसत नसे. त्यामुळे स्वतःचंच नव्हे, इतरांचंही गाणं ती पाठ करून ठेवी आणि वाद्यवृंदाच्या कानोशावर आपली जागा पकडे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात तुरिनला चेत्रा कंपनीने तिच्या ७८ च्या तबकड्या काढल्या. एकीत वाग्नरची इझोल्ड, एकीत नॉर्मा, एकीत एल्विरा. ही शेवटची जरूर ऐका. एल्विराला वेड लागलंय. आरियाच्या जलद भागात अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी खाली उतरणाऱ्या ताना आहेत. बाकीच्या गायिका त्या मोत्यांच्या सरीसारख्या ओघळवतात आणि टाळ्या घेतात. कॅलासचा प्रत्येक स्वर सुटा कळतो, तरी दोन स्वरांत फट राहत नाही. आणि तान तळाला पोचेपर्यंत लक्षात येतं, या मुलीचं भान सुटलंय.

फेनिचे बघायला मी मुद्दाम गेलो. १९९६ च्या आगीत ते भस्म झालं आणि जुन्याबरहुकूम बांधून २००३ मध्ये पुन्हा उघडलं. "मग बघायला काय आलोय आपण?" बायकोने विचारलं. मी एका बॉक्सात बसून रंगमंच केवढा जवळ आहे ते बघून घेतलं. इथे वाग्नर ऐकणाऱ्यांच्या कानठळ्या बसल्या असणार!

ब्रुनहिल्डचा दमदार आणि एल्विराचा चपळ, असे दोन्ही तऱ्हेचे गळे एकाच बाईत असणं १८३१ मध्ये नवलाचं नव्हतं. बेल्लिनीने 'नॉर्मा' आणि 'सोन्नाम्बुला' दोन्ही ज्युदित्ता पास्तासाठीच लिहिली. नंतर गळ्यांच्या वाटण्या झाल्या आणि दोनिझेत्तीचं 'आन्ना बोलेना'सारखं काम धूळ खात पडलं. ते १९५७ मध्ये ला स्कालात पुन्हा गाजलं ते कॅलासमुळे. हीच वाट पुढे आणखी एकीने धरली. कॅलासच्या १९५२ च्या लंडनमधल्या 'नॉर्मा'त दासीचं चिमुकलं काम एका ऑस्ट्रेलियन मुलीला मिळालं होतं. १९५९ मध्ये तीच मुलगी, जोन सदरलंड, त्याच रंगमंचावर 'लुचिया' गाऊन रातोरात प्रसिद्ध झाली. कंडक्टर सेराफिनच होते, आणि रंगीत तालमीला प्रेक्षागारात कॅलास येऊन बसली होती.