गाडीचं माप

शोरूममध्ये शिरल्या शिरल्या अण्णांनी खिशातून टेप काढला, समोरच्या गाडीचं दार उघडलं आणि जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंतची उंची मोजली. मग टेप तसाच धरून मला दाखवला. घरातल्या त्यांच्या खुर्चीची उंची निघण्याआधीच मोजून वहीत लिहिलेली होती. गाडीची सीट त्याच्या चार बोटं खाली होती. "ही नाही," म्हणाले, आणि दार हलकेच लावून पुढच्या गाडीकडे वळले. सेल्समन मुलगा तेव्हा टचस्क्रीन किती इंचांचा आहे ते मला सांगत होता.

अण्णा ७१ वर्षांचे आहेत. तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात २७ वर्षं फिटर होते, त्यामुळे मापाशिवाय बोलायची त्यांना सवय नाही. रोडपालीत घर घेतलं ते कारखाना जवळ पडावा म्हणून. आता कारखाना सुटला, घर राहिलं, आणि आईचं कामोठ्याच्या रुग्णालयात जाणं-येणं वाढलं. जुनी गाडी २०१० सालची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. अण्णांनी एक दिवस जॅक लावून गाडी खालून पाहिली आणि हात पुसत म्हणाले, "पत्रा गेलाय. हिच्यावर आता पैसे घालायचे नाहीत."

माझ्या भावाचं म्हणणं, आता गाडीच कशाला, फोनवरून टॅक्सी बोलवा. मला ते पटत नाही. रात्री साडेनऊला आईला धाप लागते तेव्हा टॅक्सी 'सात मिनिटांत' म्हणत वीस मिनिटं फिरत राहते, हे मी खारघरहून फोनवर ऐकलेलं आहे. शिवाय स्वतःच्या हाताने गाडी काढून बायकोला मंडईत घेऊन जाणं हे अण्णांच्या दिवसातलं एक मोठं काम आहे. ते मुलांनी सोयीच्या नावाखाली काढून घ्यावं, असं मला वाटलं नाही. म्हणून मी दर शनिवारी रोडपालीला यायला लागले आणि आम्ही गाडी बघायला लागलो.

वहीच्या पहिल्या पानावर गाडीचं एकही नाव नव्हतं. गाडी कुठे कुठे जाणार, एवढंच होतं. कामोठे, आठवड्यातून दोनदा. पनवेलची मंडई. मानसरोवर स्टेशनला नातीला आणायला. वर्षातून दोनदा पोलादपूरला, आमच्या गावी. सगळं मिळून महिन्याला ४०० किलोमीटरच्या आत. या एका आकड्याने बऱ्याच गोष्टी निकालात निघाल्या. एवढ्या थोड्या वापरात सीएनजीची बचत किरकोळ, आणि त्यासाठी पंपावरची रांग सत्तरीच्या माणसाने का सोसायची? विजेच्या गाडीला सोसायटीत चार्जिंगची सोय नव्हती. पेट्रोलच राहिलं.

किमतीचं गणितही वहीतच मांडलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा एक टक्का उपकरही गेला. लहान म्हणजे चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतची. कर धरण्याआधी पाच लाखांची असलेली गाडी पूर्वी ६ लाख ४५ हजारांना पडायची, ती ५ लाख ९० हजारांवर आली. त्यावर दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स, शिवाय विमा. जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत; अण्णांनी प्रत्येक ठिकाणी ऑन-रोडचा कागद मागितला आणि त्यातली ओळ न् ओळ विचारली. एका शोरूमने 'हँडलिंग' म्हणून काही हजार लावले होते. ते कशाचे, असं विचारल्यावर उत्तर मिळालं नाही आणि पुढच्या कागदावर ती ओळही नव्हती. विमा आमच्याकडूनच घ्यावा लागतो, असंही तिथे सांगितलं. तसं नसतं. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो कोणाकडून घ्यायचा ते गिऱ्हाईक ठरवतं. आम्ही तिथून उठलो.

मग बसण्या-उठण्याची परीक्षा. प्रत्येक गाडीत अण्णांनी दहा वेळा बसायचं आणि उतरायचं, आईने पाच वेळा. पहिल्या दोन वेळांना सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. सातव्या-आठव्या वेळेला गुडघा बोलायला लागतो. अण्णांचा हात कुठे जातो ते मी बघत होते. बुटक्या गाडीतून उतरताना ते दाराची वरची कड धरून स्वतःला ओढत. उंच सीटवरून नुसतं वळून पाय खाली ठेवत. ज्या गाडीत हात कुठेच गेला नाही तिच्यासमोर वहीत टिक.

मानेचंही तसंच. त्यांना उजवीकडे मान पूर्ण वळत नाही. रिव्हर्स घेताना मागची काच किती दिसते, आरसे बसल्या जागेवरून फिरवता येतात का, कॅमेऱ्यातलं चित्र उन्हात दिसतं का, हे त्यांनी गाडी दुपारी बाहेर काढायला लावून बघितलं. मागचे पार्किंग सेन्सर २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीचे आहेत, पण कॅमेरा सगळ्या मॉडेलांत मिळत नाही. एसी कमी-जास्त करायला बटण हवं, स्क्रीनमध्ये शिरावं लागता कामा नये. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाची नजर रस्त्यावरून हलायला नको, एवढं साधं कारण.

पण खरा प्रश्न डाव्या पायाचा होता.

रोडपालीतून बाहेर पडायचं म्हणजे लोखंड बाजाराच्या ट्रेलरमधून वाट काढायची. पोलादाची गुंडाळी लादलेला ट्रेलर समोर, तसाच एक मागे, आणि कळंबोली सर्कलपर्यंत बैलगाडीच्या वेगाने सरकत जायचं. या अर्ध्या तासात डावा पाय हाफ क्लचवर अडकून असतो. घरी आल्यावर अण्णा गुडघ्यावर गरम पिशवी ठेवत. तेव्हा क्लच नसलेली गाडी घ्यावी, हे उघड होतं. आपल्याकडे स्वस्त गाड्यांत मिळते ती एएमटी. २०१४ साली सेलेरिओमधून ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. आतला गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम फक्त यंत्र करतं. अण्णांना हे एका वाक्यात कळलं. "म्हणजे फिटर आत बसवलाय," म्हणाले.

भीती मला वाटत होती. चाळीस वर्षं तीन पेडलांवर गेलेले पाय दोन पेडलांवर सोपवायचे. जपानमध्ये २०१९ साली इकेबुकुरोला ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची लहान मुलगी गेली. ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला गेला होता. तिथे पंचाहत्तरीनंतर परवान्याच्या नूतनीकरणाला स्मरणशक्तीची चाचणी द्यावी लागते, आणि चुकून दाबलेला अॅक्सिलरेटर ओळखून गाडी आवरणारं यंत्र २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना सक्तीचं होतं आहे. आपल्याकडे चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो आणि पंचावन्नच्या पुढे परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो. पाय पेडल बदलायला तयार आहेत का, हे कोणी तपासत नाही. ते आपणच तपासायचं.

म्हणून बुकिंगच्या आधी आम्ही एका मोटार ट्रेनिंग स्कूलची एएमटी गाडी दहा सकाळींसाठी ठरवली. सहाला निघायचं, रोडपालीच्या सेक्टरांतल्या रिकाम्या रस्त्यांवर. शेजारी शिकवणारा, मागे मी. पहिल्या दिवशी थांबायच्या वेळी अण्णांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि क्लचच्या जोराने ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी थांबली, माझं कपाळ पुढच्या सीटला लागलं. अण्णा काही बोलले नाहीत. गाडी बंद केली, दोन मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग डावी चप्पल काढून टाच सीटच्या पुढच्या कडेला टेकवली आणि म्हणाले, "हा आता सुट्टीवर."

चौथ्या दिवसापर्यंत तो पाय तीनदा उचलला गेला. सहाव्या दिवशी एकदा. अण्णा स्वतःच मोजत होते; वहीत तारीख आणि पुढे आकडा. उजवी टाच ब्रेकसमोर जमिनीवर रोवून नुसता चवडा अॅक्सिलरेटरकडे वळवायचा, टाच उचलायचीच नाही, हे शिकवणाऱ्याने सांगितलं. अण्णांनी ते घरी खुर्चीत बसून, जमिनीवर खडूने दोन चौकोन आखून केलं. आई चहा घेऊन आली तरी चवडा हलतच होता. ब्रेक सोडताच गाडी आपोआप सरकायला लागते, चढावर मात्र जरा मागे येते. त्यावर त्यांनी जुनाच उपाय काढला, हँडब्रेक ओढून धरायचा आणि गाडीने जोर घेतला की सोडायचा. या गाड्यांत 'पी' नसतो, तेव्हा उभी केल्यावरही हँडब्रेकच. शेवटच्या तीन दिवसांच्या पुढे वहीत शून्य आहे. तिसरं शून्य कळंबोलीच्या संध्याकाळच्या गर्दीतलं. त्या दिवशी मी मुद्दाम सहाची वेळ बदलून घेतली होती.

आता गाडी कोणती. अण्णांचं मन वॅगनआरवर होतं. सीट बरोबर खुर्चीएवढी, उंची १६७५ मिलीमीटर, रुंदी फक्त १६२०, आणि टॅक्सीवाले तीच चालवतात म्हणजे सुटा भाग कुठेही मिळणार. हा हिशेब खरा आहे. निकोप गाडी ओळखायची तर दिवसाला दोनशे किलोमीटर चालवणाऱ्याला विचारावं, हे मलाही पटतं. पण मी अडून बसले ते सुरक्षेवर. गाड्या धडकवून सुरक्षेची चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०२३ साली वॅगनआरला मोठ्यांच्या संरक्षणासाठी एक तारा दिला आणि सांगाडा अस्थिर ठरवला. त्यानंतर २०२५ मध्ये तिला सहा एअरबॅग आल्या, हे चांगलंच झालं, पण सांगाड्याचा प्रश्न एअरबॅगने सुटत नाही. टाटा पंचला त्याच संस्थेने २०२१ मध्ये, तेव्हाच्या नियमांनी, पाच तारे दिले होते. सत्तरीतल्या बरगड्या तिशीतल्या बरगड्यांसारख्या मार सोसत नाहीत, आणि आपण ट्रेलरांच्या शेजारी राहतो. हे मी तीन शनिवार सांगत होते.

पंचची सीट खुर्चीपेक्षा दोन बोटं वर निघाली. आईला दांडीला धरून चढावं लागलं, पण उतरणं तिला सगळ्यात सोपं तिथेच गेलं, कारण दार नव्वद अंशांत उघडतं. लांबी ३८२७ मिलीमीटर, इंजिन ११९९ सीसी. दोन्ही कराच्या रेषेच्या आत. अडचण निघाली रुंदीची. १७४२. अण्णा खाली स्टिल्टमध्ये टेप घेऊन गेले. आमच्या जागेच्या दोन्ही अंगांना खांब, मधलं अंतर २४० सेंटिमीटर. वॅगनआर उभी केली तर ७८ सेंटिमीटर उरतात, पंच केली तर ६६. बारा सेंटिमीटरसाठी गाडी बदलावी की माणसाने रोज अंग चोरून उतरावं? आणि नव्वद अंशांचं दार तिथे उघडणार कुठे?

यावर तोडगा आईने काढला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची जागा कोपऱ्यात होती, एका बाजूला खांबच नाही, आणि त्यांच्याकडे फक्त स्कूटर. आई वर जाऊन बोलून आली. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये अदलाबदल कागदावर आली. इतके दिवस आम्ही गाडीचं माप घेत होतो, जागा बदलता येईल हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मग पंच बुक केली. पैसे पूर्ण भरण्याआधी अण्णांनी यार्डात जाऊन गाडी पाहायचा हट्ट धरला, आणि तो प्रत्येकाने धरावा. एकदा नोंदणी झाली की गाडी तुमची. त्यांनी आधी चासी नंबर कागदाशी ताडला, मग टायरवरचा चार आकडी शिक्का वाचला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायर, स्टेपनीसकट. दारांच्या फटींतून बोट फिरवलं. बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टवरचा रंग तुटलेला नाही ना, ते बॅटरी मारून बघितलं. पाना लागला असेल तर रंग उडालेला दिसतो. दीड तास लागला. यार्डातला मुलगा सुरुवातीला घड्याळ बघत होता, नंतर अण्णांच्या मागे मागे फिरून विचारायला लागला.

एमएच ४६ची पाटी लागून गाडी आली तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. वहीच्या शेवटच्या पानावर अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: अंधार पडल्यावर हायवे नाही, पोलादपूरला जाताना पळस्प्याच्या पुढे मुलगी चालवणार, परवान्याची मुदत संपेल तेव्हा डोळे आणि पाय दोन्ही तपासून मग अर्ज. खाली सही, तारीख.

परवा चारला निघून दोघं मंडईत गेली होती. साडेपाचला आईचा फोन आला, मेथी स्वस्त मिळाली म्हणून. मी विचारलं, अण्णांचा पाय? ती म्हणाली, "कुठला? डावा? तो चपलेबाहेर, सीटला टेकून बसलाय."