जुन्या घोंगडीचीं नवीं आसनें

'भिजत घोंगडें' हा वाक्प्रचार आपण नित्य वापरतों. परंतु खरी घोंगडी आज किती सुशिक्षित घरांत उरली आहे? आमच्या घरीं वडिलांची एक होती. काळीभोर, ट्रंकेच्या तळाशीं पडलेली. गेल्या पौषांत धाकट्या सूनबाईंनीं ती बाहेर काढली, तों दोन ठिकाणीं कसरीनें जाळी केलेली! "मामंजी, हिचीं आसनें करूं का?" असें त्यांनीं भीतभीतच विचारिलें. माझ्या तोंडून एकदम 'नको' असेंच निघालें. दुसरी लोकर आणून देतों, असें सांगून मीं गांधीबागेची वाट धरली.

महालांतील आमच्या घरापासून गांधीबाग पायीं जाण्याजोगी. तेथील ठोक बाजारांत कापडाला काय तोटा? एका दुकानांत 'शुद्ध लोकर' म्हणून एक मऊ कांबळें मिळालें. घरीं सूनबाईंनीं त्याचा धागा चिमट्यांत धरून ज्योतीला लावला. तो वितळून त्याची टणक गोळी झाली. मग घोंगडीचा धागा धरला. त्याला केंस जळल्याचा वास आला, ज्योत दूर होतांच तो विझला आणि राख बोटांत चुरली. खऱ्या लोकरीची ही कसोटी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. माझे पैसे गेले, पण विद्या मिळाली!

लोकर आपणांस परकी नव्हे. ऋग्वेदांत सिंधूला 'ऊर्णावती' म्हटलें आहे. सोमरस गाळण्याचें पवित्रही मेंढीच्या लोकरीचेंच असे. आपल्या आज्यांची सोंवळ्याची धाबळी तीही लोकरीचीच. अनोळखी राहिला तो ती विणणारा. दख्खनी मेंढीची लोकर राठ. धनगर ती वर्षांतून बहुधा दोनदां कातरतात. ती पिंजून चरख्यावर कांततात. सणगर ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. कोल्हापुराकडे लोकर न विणतां, भिजवून व दाबून 'जेन' करतात. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. पाणी, उष्णता व घर्षण यांनीं ते एकमेकांत गुंततात, म्हणून हें साधतें. आज मात्र या लोकरीला भाव नाहीं. कित्येकदां कातरणीची मजुरीही निघत नाहीं. गिऱ्हाईकच नसेल तर माग कोणासाठीं चालावा?

हा विचार मनांत आला, तेव्हां कात्री मींच सूनबाईंच्या हातीं दिली. कसरीचा भाग वगळून हातभर चौरस तुकडे कापले, दोन दोन एकत्र ठेवून कडेला काजटांका घातला. रंग दिला नाहीं. काळ्यावर पांढऱ्या लोकरीच्या टांक्यांची रेघ हीच शोभा. चार आसनें झालीं. उरलेल्या तुकड्यांच्या चकत्या ऊन पातेल्याखालीं ठेवावयास केल्या. लोकर सहजासहजीं पेट घेत नाहीं.

अशा वस्तू रिठ्याच्या थंड पाण्यांत धुवाव्या. ऊन पाण्यानें त्या आटतात. पिळूं नयेत, सावलींत पसरून वाळवाव्या. पावसाळ्यानंतर उन्हांत झटकाव्या. कसर अंधारांतच वाढते.

पहिल्या आसनावर नातू बसला आणि "आबा, टोंचतें!" म्हणून उठला. त्यावर धोतराची घडी घातली, तेव्हां स्थिर झाला. वडिलांची घोंगडी आतां रोज पंक्तींत आहे. पुढील घोंगडी मात्र थेट विणकराकडूनच घ्यावयाची, आणि मला एकट्याला बाजारांत पाठवावयाचें नाहीं, असें सूनबाईंनीं बजाविलें आहे.