झोजिला, एकास पस्तीस

पहिल्या भारत-पाकिस्तान युद्धात, १ नोव्हेंबर १९४८ रोजी, भारतीय सैन्याचे रणगाडे बर्फ पडत असताना काश्मीर-लडाख वाटेवरची झोजिलाची खिंड चढून गेले. त्या दिवसाचा एक लहानसा तुकडा मी नाशिकमध्ये, घराच्या मागच्या खोलीत उभा करतो आहे. एक स्टुअर्ट रणगाडा, डोंगराच्या कुशीतून काढलेला कच्चा रस्ता, चार सॅपर, म्हणजे रस्ते-पूल बांधणारे लष्करी जवान, आणि दोन पायदळाचे जवान. प्रमाण एकास पस्तीस. डिसेंबरातला सुट्टीचा दिवस आहे आणि आज या दृश्यावर बर्फ पडायचा आहे.

सकाळी ६.३०

नाशिकची थंडी या कामाला मानवते. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेला, द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटल्या, अशा बातम्या येऊ लागल्या की हवा कोरडी झाली म्हणून समजावं. पावसाळ्यात फवारलेलं वॉर्निश दुधाळ पडतं, प्लास्टर दोन-दोन दिवस ओलं राहतं. म्हणून मोठी कामं मी डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवतो. भल्या पहाटे मात्र रंग फवारत नाही, कारण गारठ्यात तो घट्ट होतो. ऊन खोलीत येईपर्यंत मोजमाप आणि आखणी करतो.

पाया तीस बाय चाळीस सेंटीमीटरचा. पस्तीसपट केला तर साडेदहा मीटर बाय चौदा मीटर जमीन होते. रणगाडा जवळपास तेरा सेंटीमीटर लांब आणि साडेसहा रुंद, माणूस पाच सेंटीमीटरचा. रस्ता मी नऊ सेंटीमीटर धरला आहे, म्हणजे प्रत्यक्षात तीन मीटरांच्या थोडा वर. रणगाडा मधोमध ठेवला की दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा सेंटीमीटर उरतं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. पाहणाऱ्याची नजर आधी त्या सव्वा सेंटीमीटरवर जावी, अशी सगळी मांडणी आहे.

सकाळी ८.००

जमिनीचं काम. खाली एक्सपीएस फोमचे थर चिकटवून उतार कापून घेतला आहे. त्यावर आज प्लास्टरच्या खडकांचा शेवटचा हात. अॅल्युमिनियमची फॉइल चुरगाळून तिच्यात प्लास्टर ओतलं की सुटताना त्याला धारदार कंगोरे येतात.

इथे नाशिककराला एक सावधगिरी बाळगावी लागते. आपल्या हाताला सह्याद्रीची सवय असते. डोंगर म्हटलं की पायऱ्यापायऱ्यांचे कातळकडे आणि वर सपाट माथा आपोआप घडतो. दगड म्हटलं की काळा, भोकाभोकांचा बेसाल्ट. झोजिलाचा डोंगर वेगळा आहे. तिथले थर तिरके असतात, खडकाच्या कपच्या निघतात आणि घळींतून सैल दगडांचे ढीग खाली आलेले असतात. म्हणून मी प्लास्टर अर्धवट सुकलं की सुरीनं तिरके थर फोडतो आणि पडलेला चुरा तसाच उतारावर राहू देतो. रंग करडा, त्यात किंचित पिवळट छटा. झाड एकही नाही. खिंडीच्या पायथ्याशी, बालटालच्या बाजूला, देवदारासारखी सूचिपर्णी झाडी दिसते, पण खिंडीत, साडेतीन हजार मीटरांवर, उघडा डोंगर आहे. बर्फाच्या दृश्यात ख्रिसमसचं झाड लावण्याचा मोह फार होतो. इथे ते लावलं तर झोजिला उरणार नाही.

सकाळी १०.००

ऊन आलं. आता रणगाडा.

एम-५ स्टुअर्ट हा अमेरिकन बनावटीचा हलका रणगाडा. वजन सुमारे पंधरा टन, चौघांचा चमू, ३७ मिलिमीटरची तोफ. दुसऱ्या महायुद्धात मोठ्या जर्मन रणगाड्यांपुढे ही तोफ अपुरी ठरली होती. पण झोजिलावर समोर रणगाडे नव्हतेच. कड्यांतल्या खोबणींत आणि गुहांत बसवलेल्या मशीनगन होत्या. सप्टेंबरात पायदळाचे हल्ले त्यांच्यामुळेच फसले होते. तिथवर चिलखतातून जाऊन जवळून मारा करू शकेल अशा गाडीची गरज होती आणि हलकी गाडीच वर चढू शकणार होती.

सातव्या लाइट कॅव्हलरीचे हे रणगाडे जम्मूच्या बाजूनं श्रीनगरला आणि तिथून बालटालला नेले. वाटेतल्या पुलांना भार झेपावा आणि शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्यांचे फिरते बुरूज उतरवून वेगळे नेले होते. माझ्या मॉडेलवर या प्रवासाची एक खूण आहे. बुरूज जिथे बसतो त्या कडेचा रंग मी जागोजागी खरवडला आहे आणि खाली धातूचा राखाडी रंग दाखवला आहे. साखळदंड लावून काढलेल्या, पुन्हा बसवलेल्या लोखंडावर असे ओरखडे पडणारच.

ओल्या बर्फात गाडी कशी मळते, हे रंगवताना सतत डोक्यात ठेवावं लागतं. धूळ नसते. वितळलेल्या पाण्याचे ओघळ उभे उतरतात, इंजिनावरचा पत्रा गरम असल्यामुळे तिथे बर्फ टिकत नाही, साखळपट्ट्यांत चिखल आणि बर्फ एकत्र दाबून बसतात. म्हणून टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी इनॅमलचा वॉश फक्त वरून खाली ओढतो. इंजिनाचा भाग ओला, काळपट, चकचकीत ठेवतो. समोरच्या तिरक्या पत्र्यावर पुढे थोडा बर्फ साचेल, मागे नाही.

सकाळी ११.३०

तोफखान्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका आले. देवळाली परिसरात तोफखान्याची शाळा १९४१पासून आहे, नाशिक रोडला तोफखान्याचं केंद्र आहे. रेंजवर सराव सुरू असला की शहराच्या कडेला खिडक्यांची तावदानं थरथरतात. त्यामुळे नाशिकमध्ये अशा कामाला तपासनीस घरबसल्या मिळतो. काकांनी उंचावरची ठाणी अंगावर काढली आहेत.

त्यांनी चष्मा लावून सॅपरच्या आकृत्या एकेक उचलून पाहिल्या.

"हा माणूस पहारीला उघड्या हातानं धरून उभा आहे. तुम्ही याला हातमोजे द्या."

"काका, फोटोत बऱ्याच जणांचे हात उघडे दिसतात."

"दिसत असतील. पण उणे तापमानात नागड्या लोखंडाला ओला हात लागला की कातडी चिकटते. मोजे नसतील तर माणूस हाताला फडकं गुंडाळतो, पण गुंडाळतोच. आणि जो काम करत नाहीये, त्याचे हात बगलेत दाखवा. थंडीत मोकळा हात कुणी लोंबकळत ठेवत नाही."

ही माहिती कुठल्याही किटच्या माहितीपत्रकात नसते. मी दोन आकृत्यांचे हात कापून बाजूला ठेवले.

दुपारी १.००

प्लास्टर वाळतंय. बाजरीची भाकरी, पातीच्या कांद्याची भाजी आणि जेवताना नकाशा समोर.

लडाखकडे जाणाऱ्या वाटेवर झोजिला हे दार आहे. १९४८च्या उन्हाळ्यात ते हातचं गेलं, द्रास आणि कारगिल गेलं आणि लेहला जमिनीवरून जाणारी ही वाट बंद झाली. हिवाळा पूर्ण उतरण्याआधी खिंड घेणं भाग होतं. मेजर जनरल थिमय्यांनी रणगाडे वर चढवायचं ठरवलं. पण बालटालहून वर जाणारी वाट खेचरांची होती. मेजर थंगराजू यांच्या हाताखालच्या मद्रास सॅपर्सनी ती सुरुंग लावून, खणून, रुंदावून रणगाडा जाईल अशी केली. मग १ नोव्हेंबरला लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांचे रणगाडे पुढे गेले आणि स्वतः थिमय्या आघाडीच्या रणगाड्यात होते. इतक्या उंचीवर रणगाडे येतील ही कल्पनाच समोरच्यांनी केली नव्हती. खिंड मोकळी झाली. १५ नोव्हेंबरला द्रास आणि महिना संपण्याआधी कारगिल हाती आलं.

या हकिगतीत रणगाडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला मात्र रस्ता महत्त्वाचा वाटतो. माझ्या फळीवर रणगाड्याला जितका वेळ दिला, त्याहून जास्त त्या नऊ सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीला दिला आहे. कड्याकडच्या बाजूला सुरुंगाची अर्धगोल भोकं, दरीकडच्या बाजूला हातानं रचलेल्या दगडांचा बांध, रस्त्यात अर्धवट फुटलेला एक धोंडा. माणसांनी केलेला रस्ता आहे, हे बर्फाखालूनही कळलं पाहिजे.

दुपारी २.००

आकृत्या. बाजारात हिवाळी पोशाखातले सैनिक मिळतात ते जर्मन, रशियन नाहीतर अमेरिकन. १९४८चा भारतीय जवान डबीतून निघत नाही, तो घडवावा लागतो. ब्रिटिश पायदळाचा संच घेऊन धडं वापरायची, कारण गणवेशाची धाटणी तेव्हा तीच होती. डोकी, हात आणि वरचे कपडे नवे.

यासाठी माझी भिस्त एम-सीलवर. नळाची गळती बुजवायला आणतो तेच. दोन्ही भाग सारखे मळले की अर्धा-पाऊण तास ते हाताशी असतं. शीख जवानाची पगडी करताना एम-सीलची तांदळाएवढी गोळी लाटून केसासारखी पातळ पट्टी काढतो, सुईच्या टोकावर उचलतो आणि डोक्यावर एकावर एक तिरके वेढे देतो. प्रत्येक वेढ्याची कडा ओल्या ब्रशनं दाबतो, म्हणजे कापडाची चुणी दिसते. लोकरीची कानटोपी करायची तर वेढे न देता एकच पातळ पापुद्रा ओढून टाचणीच्या डोक्यानं बारीक ठिपके उठवायचे.

मग काकांच्या सूचनेप्रमाणे हात. एकाच्या पंज्यावर फडक्याची गुंडाळी, दुसऱ्याचे हात बगलेत, खांदे वर उचललेले, मान आत ओढलेली. पाच सेंटीमीटरच्या माणसाचा चेहरा कुणी नीट पाहत नाही. थंडी खांद्यांवरून कळते.

दुपारी ४.००

आता बर्फाची चाचणी, जुन्या पुठ्ठ्यावर.

खायचा सोडा पहिल्या दिवशी सुरेख दिसतो, पण कालांतरानं पिवळट पडतो आणि पावसाळ्यात ओल धरून गुठळ्या करतो. मीठ धातूला गंजवतं. म्हणून हे दोन्ही वर्ज्य. मी संगमरवराची पूड वापरतो आणि तिच्यात रविवार कारंजावरून आणलेली पांढरी रांगोळी मलमलीच्या फडक्यातून गाळून घालतो. रांगोळीच्या कणाला उजेडात किंचित चमक असते, गोठलेल्या बर्फाच्या पापुद्र्याला ती शोभते. न गाळता घातली तर एकेक कण पस्तीसपट होऊन खडा वाटतो.

पूड, मॅट मीडियम, पांढरा अॅक्रिलिक रंग आणि निळ्याचा एखादा थेंब. दह्याइतकं दाट झालं की पुरे. निळा थेंब दिसू नये इतका कमी हवा, पण तो नसेल तर बर्फ खडूसारखा मेलेला दिसतो. पूड मिसळताना नाकातोंडावर मास्क हवाच, ही धूळ फुप्फुसाला वाईट.

संध्याकाळी ५.३०

बर्फ टाकायला सुरुवात. आधी ठरवायचं की वारा कुठून. माझ्या दृश्यात तो दरीकडून वर येतो. म्हणजे प्रत्येक दगडाच्या दरीकडच्या अंगावर बर्फ पातळ आणि आडोशाला दाट. रस्त्यावर नवा बर्फ साधारण पंधरा सेंटीमीटर धरला, तो मॉडेलवर चार मिलिमीटर. रणगाड्याच्या मागे पट्ट्यांच्या चाकोऱ्या. त्यासाठी सुटा राहिलेला साखळपट्टीचा तुकडा पाण्यात बुडवून ओल्या मिश्रणात दाबत जातो, म्हणजे कड्यांचे ठसे उमटतात. चाकोरीच्या तळाला चिखलाचा रंग, कडेला दाबून बाहेर आलेला बर्फ. रणगाड्याच्या पुढे मात्र कोरा बर्फ आणि त्यावर फक्त सॅपरांच्या बुटांचे ठसे. आधी कोण गेलं, हे तिथे कळतं.

शेवटी लहान गाळणीतून कोरडी पूड, टिचकी मारत, वरून. खांद्यांवर, टोप्यांवर, रणगाड्याच्या आडव्या पत्र्यांवर. इंजिनाचा भाग झाकून.

रात्री ८.००

पांढऱ्या दिव्याखाली तपासणी. एका अंगानं दिवा ठेवून सावल्या पाहतो, मग मोबाइलवर फोटो काढतो, कारण डोळा सरावतो आणि फोटो चूक दाखवतो. गाळणीच्या पुडीनं एका जवानाच्या पापण्यांवर बर्फाचं ढेकूळ बसलं होतं, ते ब्रशनं काढलं. दरीकडच्या बांधावर बर्फ जास्त झाला होता, दगडांची रचना झाकली जात होती. तो कमी केला. बांध दिसायलाच हवा.

रात्री ९.३०

ब्रश धुतले, पूड डब्यात भरली, दृश्यावर धूळ बसू नये म्हणून खोका पालथा घातला. उद्या संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

वाचकांना एक सांगणं आहे. या छंदात हिवाळा म्हटलं की स्टालिनग्राड आणि आर्देनचीच दृश्यं जगभर घडतात, कारण किट त्यांचीच मिळतात. आपल्याकडे झोजिला आहे, १८ नोव्हेंबर १९६२चं रेझांग ला आहे, मराठा पलटणींनी इटलीच्या डोंगरांत काढलेला १९४४-४५चा हिवाळा आहे. त्यांची दृश्यं आपणच करायची आहेत. हात तयार आहेत: दिवाळीत माती कालवून किल्ला उभारणाऱ्या, तटबंदीवर मावळे मांडणाऱ्या आणि उतारावर अळीव पेरणाऱ्या मुलांना प्रमाण आणि भूगोल न शिकवता कळतो. अशा एखाद्या मुलाला अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय दाखवा, खऱ्या साखळपट्ट्यांवरून हात फिरवू द्या आणि घरी आल्यावर फोमचा एक तुकडा आणि एम-सीलचं एक पाकीट हातात द्या. सुरुवात रस्त्यापासून करायला सांगा.